ल्युपसमधल्या अँटीबॉडी आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी एरवी काय काम करतात?

प्रत्येक रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. जाडी जेमतेम एका पेशीची, पण कामं बरीच. निरोगी अवस्थेत या पेशी नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडतात, त्यामुळे वाहिनी सैल राहते आणि प्लेटलेट चिकटत नाहीत. पृष्ठभागावरचं थ्रॉम्बोमोड्युलिन रक्त गोठण्याला लगाम घालतं. पांढऱ्या पेशी जिथे चिकटतात ते रेणू (ई-सिलेक्टिन, आयकॅम-१, व्हीकॅम-१) अशा वेळी पृष्ठभागावर फारसे नसतात.

पेशी चेतवली गेली की चित्र उलटतं. चिकटणारे रेणू वर येतात, टिश्यू फॅक्टर तयार होऊन गोठण्याची साखळी सुरू होते आणि नायट्रिक ऑक्साइड घटतं. जंतुसंसर्गात हा बदल तात्पुरता आणि उपयोगाचा असतो. ल्युपसमध्ये, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारात, पेशींना चेतवणारी गोष्ट (अँटीबॉडी) रक्तातच फिरत असते, त्यामुळे ही अवस्था लांबते किंवा पुन्हापुन्हा येते.

एएनए पॉझिटिव्ह आला आहे. म्हणजे रक्तवाहिन्या खराब होत आहेत का?

तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. एएनए (पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटीबॉडींची तपासणी) ही फक्त दारावरची चाचणी आहे. २०१९ च्या युरोपीय-अमेरिकी वर्गीकरण निकषांत एएनए किमान १:८० (नमुना ८० पट पातळ करूनही दिसणारा) असल्याशिवाय पुढचे गुण मोजायलाच घेत नाहीत. पण १:८० किंवा १:१६० एएनए थायरॉइडच्या आजारात दिसतो आणि ठणठणीत माणसांतही दिसतो. आकडा दर महिन्याला मोजून हाती काही लागत नाही, आजार वाढला-घटला तरी एएनए बहुधा तसाच राहतो. तो एकदा नीट झाला की पुन्हा पैसे घालवू नयेत.

रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने खरं महत्त्व अँटी-डीएसडीएनए (डीएनएविरुद्धच्या अँटीबॉडी), सी३-सी४ (कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या संरक्षक प्रथिनांपैकी दोन) आणि अँटीफॉस्फोलिपिडच्या (गुठळीशी संबंधित अँटीबॉडींच्या) तीन चाचण्यांना आहे.

या अँटीबॉडी अस्तराच्या पेशींपर्यंत पोचून नक्की करतात काय?

मुख्य वाटा तीन. पहिली थेट: अँटीबॉडी पेशीच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या रेणूला चिकटते. दुसरी मध्यस्थामार्फत: रक्तातलं एखादं प्रथिन किंवा मेलेल्या पेशींचा डीएनए आधी भिंतीला चिकटतो आणि अँटीबॉडी त्याला धरते. तिसरी गठ्ठ्यांची: अँटीबॉडी आणि तिचं लक्ष्य यांचे गठ्ठे (इम्यून कॉम्प्लेक्स) रक्तात फिरत येतात आणि जिथे दाब व गाळणी जास्त तिथे अडकतात.

यातल्या कुठल्याही वाटेने अँटीबॉडी बसली तरी नुसत्या बसण्याने सगळं नुकसान होत नाही. बसलेली अँटीबॉडी सी१क्यू या प्रथिनाला बोलावते, तिथून कॉम्प्लिमेंटची साखळी सुरू होते, सी५ए हा तुकडा पांढऱ्या पेशींना ओढून आणतो आणि शेवटी पेशीच्या पडद्याला भोक पाडणारा गट तयार होतो. सी३ आणि सी४ रिपोर्टमध्ये घसरतात ते या साखळीत खर्ची पडल्यामुळे. मोठ्या आजारपणात अँटी-डीएसडीएनए चढलेलं आणि सी३-सी४ उतरलेलं अशी जोडी दिसली, तर कुठेतरी भिंतीवर काम चालू आहे असं समजून लघवी तपासायला घ्यावी.

किडनीच का सापडते नेहमी?

किडनीच्या गाळणीतल्या केशवाहिन्यांच्या पेशींना मुळातच भोकं असतात आणि तिथे रक्ताचा दाब इतर केशवाहिन्यांपेक्षा जास्त असतो. अँटी-डीएसडीएनए तिथल्या पटलावर (अस्तराखालच्या पातळ पडद्यावर) अडकलेल्या न्यूक्लिओसोमला, म्हणजे डीएनए आणि हिस्टोनच्या तुकड्याला धरते. शिवाय यातल्या काही अँटीबॉडी अल्फा-अ‍ॅक्टिनिन, लॅमिनिन आणि अ‍ॅनेक्सिन ए२ यांनाही चिकटतात, म्हणजे डीएनए नसतानाही त्यांना पकड मिळते.

अँटीबॉडीच्या गठ्ठ्यांचा थर नेमका कुठे साचला यावर सगळा खेळ आहे. मेसँजियममध्ये (केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या मधल्या भागात) साचला तर ल्युपसच्या किडनी-आजाराचा वर्ग २, बहुधा सौम्य. अस्तराच्या पेशींच्या अगदी खाली साचला तर तो रक्ताच्या समोर उघडा असतो. पांढऱ्या पेशी थेट तिथे येतात आणि वर्ग ३ किंवा ४ ची जोरदार सूज होते. साठा खूप झाला की सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिनीची भिंत जाड, ताठ, गुलाबी तारेसारखी दिसते. पॅथॉलॉजिस्ट रिपोर्टमध्ये ‘वायर लूप’ लिहितात तो हाच प्रकार. पटलाच्या बाहेरच्या बाजूला साचला तर वर्ग ५: पांढऱ्या पेशींना तिथे सहज पोचता येत नाही, म्हणून सूज कमी आणि लघवीतून प्रथिन मात्र भरपूर.

बायोप्सीचा नमुना पाठवताना काय चुकतं?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मिळालेला सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकणं. साध्या तपासणीसाठी फॉर्मॅलिन बरोबर आहे. पण इम्युनोफ्लुरोसन्ससाठीचा (चमकणाऱ्या रंगाने अँटीबॉडी शोधण्यासाठीचा) तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला तर आयजीजी, आयजीए, आयजीएम, सी३, सी१क्यू यांची नेहमीची चमक मिळत नाही. ल्युपसमध्ये ही पाचही एकत्र दिसणं, ज्याला ‘फुल हाउस’ म्हणतात, हा मोठा पुरावा असतो आणि तोच हातचा जातो. तो तुकडा मिशेल द्रावणात जायला हवा, किंवा प्रयोगशाळा जवळच असेल तर सलाइनमध्ये लगेच पोचवायला हवा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी वेगळा छोटा तुकडा ग्लुटारल्डिहाइडमध्ये. बायोप्सीच्या आदल्या दिवशीच ‘तिन्ही बाटल्या आल्या आहेत का’ एवढं विचारून ठेवलं तरी पुरे. नमुन्यात निदान १० ग्लोमेरुलस (किडनीतल्या सूक्ष्म गाळण्या) असावेत. त्याहून कमी असले तर ठिगळाठिगळाने पसरलेला वर्ग ३ निसटू शकतो.

बायोप्सीचा विचार साधारण कधी होतो? लघवीतलं प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ०.५ च्या वर टिकून राहिलं की. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्यावा आणि पाळीच्या दिवसांत देऊ नये, रक्त मिसळून आकडा फुगतो.

रिपोर्टमध्ये ‘ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट’ आहे. मग रक्त पातळ असायला हवं ना? गुठळी कशी झाली?

नावाने फसगत होते. परीक्षानळीत रक्त गोठायला फॉस्फोलिपिडचा पृष्ठभाग लागतो. अँटीबॉडी तो पृष्ठभाग अडवून बसते, म्हणून नळीत गोठायला वेळ लागतो आणि एपीटीटी (गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) लांबते. शरीरात मात्र तीच अँटीबॉडी अस्तराच्या पेशी, प्लेटलेट आणि मोनोसाइट यांना चेतवते, आणि तो परिणाम वरचढ ठरतो. गंमत म्हणजे या नावातलं ल्युपसही अर्धंच खरं आहे, ही अँटीबॉडी असलेल्या अनेकांना ल्युपस नसतोच. ऑपरेशनआधीच्या तपासणीत एपीटीटी लांबलेली पाहून काही वेळा प्लाझ्मा चढवायची घाई होते. अशा वेळी आधी मिक्सिंग टेस्ट (निरोगी प्लाझ्मा मिसळून वेळ सुधारते का हे पाहणारी चाचणी) मागावी.

अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी पेशीला कशी चेतवते?

नाव फॉस्फोलिपिडचं असलं तरी खरं लक्ष्य बहुतेकदा बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ हे रक्तातलं प्रथिन असतं. त्याचे पाच भाग आहेत. पाचवा भाग पेशीच्या पडद्याला चिकटतो आणि पहिला भाग वर उघडा पडतो. धोक्याच्या अँटीबॉडी प्रामुख्याने या पहिल्या भागाला धरतात. एका अँटीबॉडीला दोन हात असल्यामुळे ती शेजारचे दोन रेणू जोडते आणि पकड घट्ट होते.

खाली पेशीवर अ‍ॅनेक्सिन ए२, टीएलआर४ आणि एपीओईआर२ हे ग्राहक असतात. पहिल्या दोघांमार्फत संदेश आत जाऊन एनएफ-कप्पा-बी आणि पी३८ चे मार्ग चालू होतात. परिणाम: टिश्यू फॅक्टर आणि चिकटणारे रेणू वाढतात. एपीओईआर२ मार्फत नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम मंदावतं, मग पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटू लागतात. शिवाय अ‍ॅनेक्सिन ए५ हे प्रथिन पेशींवर एरवी जाळीसारखं पसरून गोठणाऱ्या घटकांना दूर ठेवतं. ही जाळीही या अँटीबॉडी विस्कटतात. वारेत, म्हणजे प्लासेंटात, हे विशेष महागात पडतं.

ही चाचणी कशी आणि केव्हा द्यावी?

तीन चाचण्या एकत्र: ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१, शेवटच्या दोन्ही आयजीजी व आयजीएम. पॉझिटिव्ह आल्या तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा. मध्ये ताप, डेंगी किंवा दुसरा संसर्ग होऊन गेला असेल तर काही काळापुरत्या या अँटीबॉडी दिसतात आणि निघून जातात, म्हणून ही मुदत. अँटीकार्डिओलिपिन ४० एककांच्या आत असेल तर त्याला फारसं वजन देत नाहीत.

अँटीकार्डिओलिपिन आणि बीटा-२ च्या चाचण्या सीरमवर होतात आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी त्या बिघडत नाहीत. ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंटचं तसं नाही, खरी नाजूक तीच:

- निळ्या झाकणाची ३.२ टक्के सायट्रेटची नळी खुणेपर्यंत भरलेली हवी. ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट हे प्रमाण चुकलं की वेळही चुकते.
- प्लाझ्मा दोनदा सेंट्रिफ्यूज करावा लागतो, रक्त काढल्यापासून चार तासांच्या आत. प्लेटलेट दर मायक्रोलिटरला १०,००० च्या खाली यायला हव्यात. उरलेल्या प्लेटलेट गोठवताना फुटतात, त्यांतलं फॉस्फोलिपिड अँटीबॉडीला शोषून घेतं आणि खोटा निगेटिव्ह येतो.
- रिव्हारोक्सॅबान (रक्त पातळ करणारी नवी गोळी) चालू असेल तर डीआरव्हीव्हीटी (ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट शोधायची एक पद्धत) खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. वॉरफरिनवर (रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळीवर) वाचन अवघड होतं. हेपरिनचं इंजेक्शन चालू असेल तर आधीच्या डोसनंतर किमान १२ तासांनी, पुढच्या डोसच्या आधी रक्त द्यावं. गोळ्या मनाने बंद करून चाचणी देऊ नये.
- गुठळी झालेल्या ऐन दिवसांत सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन) वाढलेला असतो, तो एपीटीटीवर आधारलेल्या चाचणीत ढवळाढवळ करतो.

तालुक्याच्या गावातून नमुना कुरियरने पुण्या-मुंबईला जाणार असेल, तर कलेक्शन सेंटरला एकच प्रश्न विचारावा: प्लाझ्मा इथेच दोनदा फिरवून गोठवून पाठवता का? उत्तर ‘नळी तशीच जाते’ असं आलं तर ही एक चाचणी मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जाऊन द्यावी. बाकीच्या दोन गावातून दिल्या तरी चालतात.

व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली आणि घरात गैरसमज झाला. याचा ल्युपसशी संबंध आहे?

असू शकतो. व्हीडीआरएल ही सिफिलिसची चाचणी कार्डिओलिपिन वापरूनच करतात, म्हणून अँटीकार्डिओलिपिन असलेल्या व्यक्तीत ती खोटी पॉझिटिव्ह येते. हे १९५० च्या दशकापासून माहीत आहे. गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासण्यांत हे पहिल्यांदा दिसतं आणि बाईला विनाकारण संशय सोसावा लागतो. टीपीएचए ही सिफिलिसची खात्रीची चाचणी करावी. ती निगेटिव्ह आली तर सिफिलिसचा प्रश्न जवळजवळ मिटला, आणि वरच्या तीन चाचण्या करायला चांगलं कारण मिळालं.

अँटीबॉडी आहेत, पण गुठळी कधीच झालेली नाही. काय करायचं?

अँटीबॉडी वर्षानुवर्षं असूनही काही होत नाही असे पुष्कळ लोक आहेत. अँटीबॉडी भिंतीला तयारीत ठेवते, ठिणगी बहुतेकदा दुसरीच असते: ऑपरेशन, जंतुसंसर्ग, गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे आठवडे, तंबाखू, लांबचा प्रवास, इस्ट्रोजेनच्या गोळ्या. ल्युपस असून तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह असतील, किंवा ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट टिकून असेल, तर डॉक्टर सहसा ७५ ते १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन देतात. प्लेटलेट फार कमी असतील तर नाही.

एका गोष्टीची चौकशी कुणी करत नाही, ती इथे लिहून ठेवतो. गणपती, सत्यनारायण, लग्नकार्य यांसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे मेडिकलमधून सर्रास घेतल्या जातात. त्यांत नोरेथिस्टेरॉन असतं, ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. त्याचा काही अंश शरीरात एथिनिल इस्ट्रॅडिओल बनतो, म्हणजे या मात्रेत ती ‘नुसती प्रोजेस्टेरॉनची गोळी’ उरत नाही. अँटीफॉस्फोलिपिड पॉझिटिव्ह असलेल्या बाईने ती घेऊ नये. गर्भनिरोधासाठी तांबी किंवा लिव्हो-नॉरजेस्ट्रेलचं साधन यांबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

गुठळी झाली आहे. नव्या गोळ्या चालतील की वॉरफरिनच?

तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह असतील किंवा गुठळी धमनीत (पक्षाघात, हार्ट अटॅक) झाली असेल तर वॉरफरिनच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रॅप्स या इटलीतल्या अभ्यासात तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह असलेले १२० रुग्ण होते. रिव्हारोक्सॅबान घेणाऱ्या ५९ पैकी ७ जणांना पक्षाघात किंवा हार्ट अटॅक आला, वॉरफरिनच्या गटात एकालाही नाही. अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला.

वॉरफरिनवर आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते दाखवणारा आकडा) साधारण २ ते ३ ठेवतात. पालेभाज्या बंद करायच्या नसतात, आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं. रोज मेथी-पालक खाणारं माणूस श्रावणात साबुदाणा-भगरीवर आलं की व्हिटॅमिन के घटतं आणि आयएनआर चढतो. उपवासाचा महिना सुरू झाल्यावर आठवड्याभरात एकदा तपासून घ्यावं.

अँटी-एंडोथेलियल सेल अँटीबॉडी नावाची चाचणी करून घ्यावी का?

नको. गर्भनाळेतल्या पेशींवर (ह्युव्हेक) संशोधनात ती वापरतात. पण लक्ष्य एक नाही, अनेक आहेत, प्रत्येक लॅबची पद्धत वेगळी आणि निकालावरून उपचार बदलत नाहीत.

अँटीबॉडीखेरीज आणखी काय भिंत बिघडवतं?

ल्युपसमधल्या न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी मरताना आपला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात. या जाळ्यांतली एन्झाइम अस्तराच्या पेशींना थेट इजा करतात, वर अँटी-डीएसडीएनएला नवं लक्ष्य मिळतं. डीएनए आणि अँटीबॉडीचे गठ्ठे प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशींत शिरले की त्या टाइप-१ इंटरफेरॉन हे संदेश देणारं प्रथिन सोडतात. इंटरफेरॉन रक्तवाहिनीची डागडुजी करणाऱ्या पेशींना वाढू देत नाही. म्हणजे नुकसान वाढतं आणि दुरुस्ती थांबते. अनिफ्रोलुमॅब हे औषध नेमकं या इंटरफेरॉनच्या ग्राहकाला अडवतं.

कमी वयातला हृदयविकार हे याचंच लांब पल्ल्याचं रूप. पिट्सबर्गच्या १९९७ च्या अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्युपस झालेल्या स्त्रियांना हार्ट अटॅकचा धोका त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा ५० पटींहून जास्त आढळला. त्या वयात मुळात तो फार कमी असतो, म्हणून पट मोठा दिसतो, तरी दुर्लक्ष करण्यासारखा नाही. रक्तदाब १३०/८० च्या खाली, तंबाखू-मिश्री बंद, आणि स्टेरॉइड शक्य तितक्या लवकर दिवसाला ५ मिलिग्रॅमपर्यंत किंवा खाली.

मेंदूवर परिणाम होतो तेव्हा अँटीबॉडी आत जातात कशा?

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर घट्ट सांधलेलं असतं, अँटीबॉडी सहसा आत जात नाहीत. काही अँटी-डीएनए अँटीबॉडी चेतापेशींवरच्या एनएमडीए ग्राहकालाही चिकटतात. उंदरांत त्या रक्तात असूनही काही बिघडलं नाही. जिवाणूंचं विष देऊन हा अडथळा सैल केल्यावर हिप्पोकॅम्पसमध्ये इजा होऊन स्मरणशक्ती घटली, अ‍ॅड्रेनालिनने सैल केल्यावर इजा अमिग्डालात झाली. जंतुसंसर्गावर लवकर उपचार करण्याला म्हणूनही महत्त्व आहे.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यात काय करतं? डोस किती?

ल्युपसमधलं हे नेहमीचं औषध पेशींच्या आतले टीएलआर (धोका ओळखणारे ग्राहक) शांत करून इंटरफेरॉन कमी करतं, बीटा-२ आणि अँटीबॉडीचे गठ्ठे पडद्यावर बसणं घटवतं आणि अ‍ॅनेक्सिन ए५ ची जाळी टिकवायला मदत करतं. डोस प्रत्यक्ष वजनाला किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम. ५० किलोच्या बाईला २५० मिलिग्रॅम, म्हणजे एक दिवस २०० आणि एक दिवस ३०० ची गोळी. सगळ्यांना सरसकट ४०० लिहिण्याची सवय धोक्याची, किडनी कमजोर असेल तर आणखीच.

औषध शरीरातून निम्मं व्हायला साधारण ४० दिवस लागतात. म्हणून गुण यायला काही महिने जातात, आणि गोळी सोडल्यावर लगेच काही जाणवत नाही. जाणवतं तेव्हा आजार पुन्हा उसळलेला असतो. डोळे पहिल्या वर्षात एकदा तपासावेत, पाच वर्षांनंतर दरवर्षी ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन) आणि व्हिज्युअल फील्ड (नजरेचा आवाका मोजणारी चाचणी) करावं. आशियाई रुग्णांत इजा दृष्टीच्या मध्यापासून थोडी दूर सुरू होऊ शकते, तेव्हा फक्त १०-२ (मधला भाग तपासणाऱ्या) फील्डवर न थांबता २४-२ चं (जास्त रुंद भागाचं) फील्डही मागावं.

गरोदरपणात?

वॉरफरिन गर्भाला घातक, विशेषतः ६ ते १२ आठवड्यांत, म्हणून गर्भधारणा कळताच लगेच हेपरिनवर बदलतात. अँटीफॉस्फोलिपिडमुळे आधी गुठळी किंवा गर्भपात झालेले असतील तर अ‍ॅस्पिरिन आणि हेपरिन दोन्ही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालूच ठेवायचं. ‘पोटातल्या बाळासाठी’ म्हणून ते बंद करण्याचा सल्ला शेजारपाजारी हमखास मिळतो, तो ऐकू नये.

या अँटीबॉडी कायमच्या काढून टाकता येत नाहीत का?

प्लाझ्मा बदलून तात्पुरत्या कमी होतात, कारण बनवणाऱ्या पेशी जागेवरच असतात. रिटुक्सिमॅब बी पेशी मारतं, पण अँटीबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर सीडी२० (हे औषध ज्याला धरतं ती खूण) नसल्याने त्या वाचतात. म्हणून अँटी-डीएसडीएनए उतरतं आणि अँटी-आरओ, अँटी-एसएम या ल्युपसमधल्या इतर अँटीबॉडी बहुधा राहतात. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये सीडी१९ (बी पेशींवरची खूण) विरुद्धच्या कार-टी पेशी (प्रयोगशाळेत बदललेल्या रुग्णाच्याच टी पेशी) दिलेल्या पाच रुग्णांची माहिती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. पाचही जणांचा आजार शमला आणि अँटी-डीएसडीएनए नाहीसं झालं. भारतात २०२३ मध्ये मान्यता मिळालेली, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली कार-टी उपचारपद्धती रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे, ल्युपससाठी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे संदेश वाचताना हे ध्यानात असू द्यावं.

कोणत्या लक्षणांसाठी पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नये?

एकाच पायाला सूज आणि पोटरीत दुखणं, अचानक दम लागणं, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं, एका डोळ्याला अचानक कमी दिसणं: थेट इमर्जन्सी, आणि तिथे पोचताच ‘अँटीफॉस्फोलिपिड पॉझिटिव्ह आहे’ हे सांगायचं. रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये असावा. बोटाचं टोक काळं-निळं पडून तसंच राहिलं, लघवीला फेस येऊ लागला किंवा पाय-चेहरा सुजला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठायचं. मांड्यांवर निळसर जाळीसारखी नक्षी नव्याने दिसली तर घाई नाही, पण पुढच्या भेटीत ती दाखवायची. थंडीत ती कुणालाही येते. उन्हात बसून, अंग गरम झाल्यावरही ती न गेल्यास तिची नोंद व्हायला हवी.